पोहोचलास की फोन कर

२ जुलै, बुधवार

संध्याकाळचा सगळा वर्ग आज एकाच वाक्यावर गेला. "मला वाटलं तू घरी आहेस." हे इंग्रजीत सांगा म्हटल्यावर दहावीच्या मुलींपासून कापड मार्केटात कामाला जाणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच : "आय थॉट यू आर ॲट होम." इंग्रजी बोलणारा माणूस इथे 'वर' म्हणतो. "आय थॉट यू वर ॲट होम." एका मुलीला ते काही केल्या पटेना. "मॅडम, ती घरी आहे असंच वाटलं ना? घरी होती असं कुठं वाटलं?"

तिचं म्हणणं मराठीच्या बाजूने अगदी खरं आहे. मराठी माणूस काल काय वाटलं ते सांगताना कालच्या त्या क्षणात जाऊन उभा राहतो आणि मनातलं वाक्य जसंच्या तसं बाहेर काढतो. मनात 'आहेस' होतं, म्हणून तोंडात 'आहेस'. इंग्रजी बोलणारा आजची जागा सोडत नाही. तो इथूनच मागे बघतो. वाटणं कालचं, मग जे वाटलं तेही कालचंच. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की पोटातल्या वाक्याचं क्रियापदही त्याच्यामागून मागे सरकतं. 'इज'चा 'वॉज' होतो, 'विल'चा 'वुड', 'कॅन'चा 'कुड', 'हॅव'चा 'हॅड'.

सुरतेतल्या या मुलांच्या घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, मार्केटात हिंदी आणि पुस्तकात मराठी. बाकीच्या तिन्ही भाषांना विचारलं तर त्याही मराठीसारखंच उत्तर देतात. 'मने लाग्युं के तुं घरे छे', 'मुझे लगा तुम घर पर हो'. रशियन भाषाही असंच करते. म्हणजे आमच्या मुलांना या एका ठिकाणी त्यांच्या कुठल्याच भाषेचा आधार नाही. हे त्यांना आधी सांगायला हवं. नाहीतर चूक झाली की ती स्वतःलाच मठ्ठ समजतात, आणि दहावीच्या वर्षात हा समज फार महागात पडतो.

५ जुलै, शनिवार

मार्केटातला मुलगा आज लवकर आला. रिंग रोडवरच्या एका साडीच्या पेढीवर तो बिल्ट्या, पार्सलं आणि बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांचे निरोप सांभाळतो. फोन पुढे धरून म्हणाला, "मॅडम, काल मी असं लिहिलं. चुकलं का?" लिहिलं होतं : "द ट्रान्सपोर्टर सेड द पार्सल विल रीच ऑन मंडे."

बुधवारचा नियम लावला तर 'वुड' हवं. पण त्याचं वाक्य चूक नाही, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते. सोमवार अजून यायचा आहे. म्हणून 'विल' चालतं, 'वुड'ही चालतं. फरक पडतो तो जबाबदारीत. 'विल' लिहिलं की ट्रान्सपोर्टवाल्याचा शब्द तू आपल्या अंगावर घेतलास : सोमवारी पोहोचेल, मीही तसंच धरून चाललोय. 'वुड' लिहिलं की तो शब्द त्याचा त्याच्याकडे राहतो. तू फक्त निरोप पोहोचवलास.

तो जरा थांबला आणि म्हणाला, "म्हणजे 'सोमवारी पोचेल म्हणे', तसं?"

मला फार आनंद झाला. मराठीतलं हे शेवटी येणारं 'म्हणे' काय काम करतं ते व्याकरणाच्या तासाला क्वचितच कोणी सांगतं. बोलणाऱ्याने ऐकलेलं पुढे द्यायचं आणि स्वतः मात्र त्याची हमी घ्यायची नाही, हे काम 'म्हणे' करतं. 'वुड' आणि 'म्हणे' सगळीकडे एकमेकांच्या जागी बसतील असं नाही. 'म्हणे'त शंकेचा वास जास्त येतो. इंग्रजीतलं मागे सरकलेलं क्रियापद बहुतेक वेळा तटस्थ असतं. पण पोराने सांधा बरोबर पकडला होता.

त्याला म्हटलं, शेठच्या नावाने निरोप लिहितोस तेव्हा 'विल' लिहायचं की 'वुड' हे माल कुठे आहे ते बघून ठरव. पार्सल शिवून, मार्का टाकून, बिल्टी हातात आली असेल तर 'विल'. नुसतं तोंडी आश्वासन असेल तर 'वुड'.

८ जुलै, मंगळवार

त्या पार्सलाबद्दल आज गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. "यू सेड इट वुड रीच ऑन मंडे." सोमवार उलटून गेला, त्यामुळे आता 'विल'ला जागाच उरली नाही. वाक्यात एकही कडक शब्द नाही. पण पार्सल पोहोचलेलं नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. वर्गात ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "हा माणूस खूश आहे की नाराज?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाराज!" नियम पाठ करून हे आलं नसतं.

११ जुलै, शुक्रवार

सुरतेत बसून मराठी मुलांना व्याकरण शिकवणाऱ्याला मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांची आठवण व्हायलाच हवी. १८१४ चा त्यांचा जन्म. 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ साली छापून आलं, तेव्हा ते विशी नुकती ओलांडलेले तरुण होते. पुढे ते इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवायला आले. १८४४ साली सुधारक दुर्गाराम मेहताजी आणि इतर मंडळींबरोबर त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. आपल्याकडे दादोबा म्हटलं की मुंबई आणि तिथली सुधारकांची परमहंस मंडळी आठवते. त्या आधीची त्यांची सुरतेतली वर्षं मात्र आमच्या भागातल्या मराठी शिक्षकांनाही फारशी ठाऊक नसतात.

संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही व्याकरणं समोर असताना मराठीची घडी कशी बसवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आमच्यापुढे तोच प्रश्न उलट्या दिशेने आहे. मराठीची घडी हातात असताना तिच्यावरून इंग्रजीकडे कसं जायचं? आणि माझं ठाम मत आहे की तसंच जायला हवं. सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तिथल्या मुलांना 'प्रधान वाक्य' आणि 'गौण वाक्य' हे शब्द माहीत असतात. ती 'जेव्हा-तेव्हा', 'जर-तर', 'की' ओळखू शकतात. आणि इंग्रजीच्या तासाला मात्र आपण त्यांना पुन्हा कोऱ्या पाटीवर बसवतो. 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'ची कोष्टकं घोकायला लावतो. 'नाउ'चं 'देन', 'टुडे'चं 'दॅट डे', 'हिअर'चं 'देअर'. हे बदल बोलणारा कुठे उभा आहे त्यावरून होतात हे सांगितलंच नाही, तर मूल आजच सांगितलेल्या गोष्टीतही 'दॅट डे' घुसवतं. दिवस तोच असेल तर 'टुडे' तसंच राहतं. जागा तीच असेल तर 'हिअर' तसंच.

१५ जुलै, मंगळवार

समोरच्या काकूंचा नातू आज गावी गेला. उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी, नंदुरबारच्या पुढे कुठेतरी उतरायचं. रिक्षा सुरू झाली तरी काकू दारातून सांगत होत्या, "पोहोचलास की फोन कर!"

घरात येऊन हे वाक्य लिहून ठेवलं. पोरगा अजून गल्लीच्या तोंडाशी आहे आणि काकूंचं क्रियापद 'पोहोचलास'. म्हणजे भूतकाळ! मराठीत आपण हे दिवसभर करतो. पाऊस थांबला की निघू. पगार झाला की देतो. तो आला तर सांग. यातला पाऊस अजून पडतोय, पगार व्हायचाय, 'तो' येईल की नाही याचा पत्ता नाही. तरी रूप थांबला, झाला, आला.

संध्याकाळी वर्गाला तेच वाक्य दिलं. दोघांनी लिहिलं, "व्हेन यू रीच्ड, कॉल मी." मराठी व्याकरणाचं इमानदारीने केलेलं भाषांतर आहे ते. पण इंग्रजीत ते उभं राहत नाही. तिथे "व्हेन यू रीच" म्हणायचं, साधा वर्तमान. 'विल'सुद्धा नको.

हा उलगडा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण शाळेत 'आला, गेला, केला' यांना भूतकाळ म्हणून शिकतो, आणि मुख्य वाक्यात ते बहुतेक वेळा असतंही तसंच. पण गौण वाक्यात या रूपाचा अर्थ 'पूर्वी' असा न राहता 'पुरं' असा होतो. क्रिया पुरी झाली की पुढचं. मग ती काल पुरी होवो नाहीतर उद्या. इंग्रजीतलं भूतकाळाचं रूप गौण वाक्यात वेगळंच काम धरतं. ते 'लांब' असं सांगतं. बोलणाऱ्याच्या आजपासून लांब, त्याच्या खात्रीपासून लांब, कधी वस्तुस्थितीपासूनच लांब. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये क्रियापदाचं रूप आणि प्रत्यक्षातली वेळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला बजावलं होतं. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवल्या की ते का गरजेचं आहे ते लगेच दिसतं. दोन्ही भाषांत भूतकाळाचं रूप वेळ सोडून दुसरं काहीतरी सांगतं, पण एकीत 'पुरं' आणि दुसरीत 'लांब'.

फळ्यावर हे दोनच शब्द लिहिले आणि वर्ग सोडला.

१९ जुलै, शनिवार

दिवसभर पावसाची झड. खाडीकडे सगळ्यांचं लक्ष. जोराचा पाऊस लागून राहिला की खाडीचं पाणी चढतं आणि लिंबायत, पर्वत पाटियाकडच्या खोलगट गल्ल्यांत शिरतं. त्यामुळे इथे 'पाणी आलं तर' हे वाक्य पावसाळाभर कानावर असतं. लेस लावायचं काम घरी आणणाऱ्या वहिनी साड्यांचे गठ्ठे पलंगावर चढवून वर्गाला आल्या.

म्हटलं, आज हेच घेऊ. "पाणी आलं तर गठ्ठे वर ठेवू." इंग्रजीत : "इफ द वॉटर कम्स, वी विल मूव्ह द बंडल्स अप." पाणी येऊ शकतं, खरोखर येऊ शकतं, म्हणून 'कम्स'. आता दुसरं : "आपलं घर वरच्या मजल्यावर असतं तर काळजी नसती." घर तळमजल्यावर आहे, हे वहिनींना माहीत आहे. ही इच्छा वस्तुस्थितीपासून लांबची. मग इंग्रजी भूतकाळात जातं : "इफ अवर हाउस वॉज अपस्टेअर्स, आय वुडन्ट वरी." जुनी पुस्तकं इथे 'वर'चा आग्रह धरतात. तेही बरोबर आहे. रोजच्या बोलण्यात 'वॉज' सर्रास ऐकू येतं.

मराठीला इथे कोणाकडून काही उसनं घ्यायची गरज नाही. 'असतं तर... नसती' हे आपलं संकेतार्थाचं रूप इतकं स्पष्ट आहे की ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका राहत नाही. 'आलं तर' म्हणजे येऊ शकतं. 'आलं असतं तर' म्हणजे आलं नाही. इंग्रजीला एकाच 'हॅड', 'वॉज'वर कालचं आणि न घडलेलं अशी दोन्ही ओझी टाकावी लागतात. आपल्याकडे न घडलेल्यासाठी स्वतंत्र रूप आहे. मुलांना सांगितलं, मराठीत जिथे जिथे 'असता-असती-असतं' सुचेल तिथे इंग्रजीत एक पायरी मागे जा.

तिसरं वाक्य वहिनींनीच दिलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला, शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तेव्हा त्या नवीन लग्न होऊन आल्या होत्या. "आदल्या रात्री सामान हलवलं असतं तर माहेरची पेटी वाचली असती." इंग्रजीत दोन पायऱ्या मागे : "इफ वी हॅड मूव्ह्ड अवर थिंग्ज द नाइट बिफोर, माय ट्रंक वुड हॅव बीन सेव्ह्ड." एक पायरी न घडल्याची, एक वेळेची. वहिनींनी ते वाक्य वहीत दोनदा उतरवलं. पेटीत काय काय होतं तेही मग सगळ्यांना सांगितलं.

२३ जुलै, बुधवार

किरकोळ टिपणं. "इट्स टाइम वी लेफ्ट" म्हणजे 'निघायची वेळ झाली', अजून निघालो नाही. 'लेफ्ट'मधला भूतकाळ सांगतो की निघायला हवं होतं आणि आपण अजून इथेच आहोत. "आय विश आय न्यू" म्हणजे 'माहीत असतं तर बरं झालं असतं'. सध्या माहीत नाही.

आणि "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी". मदत आत्ता हवी आहे, विचारणं आत्ताचं आहे, तरी दोन्ही क्रियापदं मागे. हा अदबीचा भूतकाळ. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी म्हणून स्वतः मागे सरकायचं. आपण हेच काम 'आपण', 'जरा', 'जमेल का' यांवर भागवतो, आणि तेही कमी सुंदर नाही. मार्केटातल्या मुलाला हे वाक्य फार आवडलं. गिऱ्हाइकाकडे थकलेली रक्कम मागताना वापरतो म्हणाला.

२७ जुलै, रविवार

पुस्तकांतल्या एका नियमावर आज बराच वेळ गेला. कालातीत सत्य असेल तर गौण वाक्यातला काळ बदलत नाही, असा तो नियम. "द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन." परीक्षेत हेच लिहायचं, मार्क मिळतात. पण मुलींना मी हेही सांगितलं की इंग्रजी बोलणारे लोक इतके काटेकोर नसतात. त्यांच्या रोजच्या बोलण्यात "ही टोल्ड मी द अर्थ मूव्ह्ड" असंही येतं, आणि पृथ्वी थांबली असं कोणी समजत नाही. 'टोल्ड'च्या मागोमाग 'मूव्ह्ड' आपसूक ओढलं जातं. अजूनही खरं असलेल्या गोष्टीचंही तसंच. "शी सेड शी लिव्ह्ड इन उधना." बाई आजही उधन्यातच राहते. "सॉरी, व्हॉट वॉज युअर नेम अगेन?" नाव आजही तेच आहे.

म्हणून बदलणं हा इंग्रजीचा नेहमीचा रस्ता, आणि न बदलणं ही मुद्दाम केलेली निवड. शंका असेल तर मागे सरकवा. बोलणं अवघडलेलं वाटणार नाही. पुस्तकं हे उलटं मांडतात, आणि मग मूल प्रत्येक वाक्यापाशी अडखळतं की हे सत्य कालातीत आहे की नाही. एवढा विचार करून कोणी बोलू शकत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज खानदेशच्या देवी कानबाई बसल्या. नागपंचमीनंतरचा रविवार. खानदेशातून आलेल्या घरांघरांत रोटांची तयारी, पहाटेपासून जात्यांऐवजी आता गिरणीवर रांग. वर्ग अर्थातच नाही. आरतीनंतर ओसरीवर बायकांच्या गप्पा रंगल्या आणि कान लावून बसले. 'शेठ म्हने माल उना (आला) नही.' 'ती म्हणाली मी येते, आलीच नाही.' 'मला वाटलं रोट झाले.' ज्याचं बोलणं त्याच्याच तोंडचं, ज्या वेळचं त्याच वेळचं. 'ती म्हणाली मी येते' यात 'मी' कोण, हे ऐकणाऱ्या एकीलाही विचारावं लागलं नाही. इंग्रजीत इथे 'शी सेड शी वुड कम' असं 'मी'सुद्धा बदलावं लागतं, आणि मग पहिली 'शी' आणि दुसरी 'शी' एकच का, हा घोळ होऊ शकतो. दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा जपण्याची ही आपली रीत मला मनापासून प्रिय आहे. इंग्रजी शिकवताना ती मुलांच्या तोंडून जाऊ नये, एवढी काळजी घेते.

६ ऑगस्ट, बुधवार

लेसवाल्या वहिनींची धाकटी यंदा इंग्रजी माध्यमात. आज शाळेत पालकांची सभा होती आणि निरोप त्यांच्यापर्यंत आला नव्हता. मुलीला सोडायला गेल्या तर बाकीचे पालक वर्गात बसलेले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, उशीर का. वहिनी म्हणाल्या, "आय डिडन्ट नो द मीटिंग वॉज टुडे."

"मीटिंग आज आहे हे मला माहीत नव्हतं." सभा आजच, अजून चालू, डोळ्यांसमोर. मराठीत 'आहे'. आणि वहिनींनी 'वॉज' म्हटलं, तेही शेजारी 'टुडे' असताना. नवशिक्याला 'वॉज' आणि 'टुडे' एका वाक्यात ठेवायची भीती वाटते, कारण एक कालचं आणि एक आजचं वाटतं. मी विचारलं, "वहिनी, 'वॉज' कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "'डिडन्ट' म्हटलं ना आधी. मग ते मागेच जाणार." मग लगेच त्यांचा पुढचा प्रश्न : "पण मॅडम, 'मला अजूनही माहीत नाही सभा कधी होती' म्हणायचं असेल तर?"

"आय स्टिल डोन्ट नो व्हेन द मीटिंग वॉज." मुख्य क्रियापद वर्तमानात आहे, त्यामुळे ते कोणालाच मागे ओढत नाही. इथला 'वॉज' आपल्या स्वतःच्या वेळेमुळे 'वॉज' आहे, कारण या वाक्यातली सभा खरोखर होऊन गेली आहे. ओढला गेलेला 'वॉज' आणि स्वतःचा 'वॉज', दिसायला एकच. शनिवारी वर्गाला अशी मिसळलेली वाक्यं द्यायची आणि प्रत्येकाला विचारायचं : हा कुणाचा?